उलटा साहेब

"मम्मी, तू उपेक्षित आहेस!" पारमी दारातूनच ओरडली. "आज सिद्ध झालं!"

करुणा साळवे तेव्हा मनुक्यांच्या पाकिटावरचं द्राक्ष हिरवं करावं की जांभळं, या प्रश्नाशी झुंजत होती. गिऱ्हाईकाला दोन्ही रंग हवे होते, आणि मधोमध स्वतःच्या नातवाचा फोटोही. तिने मान वर केली नाही.

"हे अभिनंदन आहे की सांत्वन?"

"अगं, तुझं कव्हर! 'उलटा साहेब'! मराठी हिपहॉपच्या सगळ्या कव्हरांमध्ये उपेक्षांक सगळ्यात जास्त. पहिला नंबर!"

"म्हणजे सगळ्यात जास्त लोकांनी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही, याचा पुरस्कार."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

आईबापांनी हिचं नाव करुणा ठेवलं, तो त्यांचा अंदाज सपशेल चुकला. चिवडा, मनुका आणि अगरबत्तीची पाकिटं रंगवत या बाईने नाशकात अर्धं आयुष्य काढलं होतं, आणि उरलेलं अर्धं नाक मुरडण्यात. गिऱ्हाईक, शेजारी, नवकवी, टीव्हीवरचे आचारी, कोणाचीही तिच्या तावडीतून सुटका नव्हती. आणि या सगळ्यांच्या वर तिच्या यादीत नाव होतं पोरीच्या कंपनीचं.

कंपनीचं नाव 'कदर'. यंत्राचं नाव दादमापी. काय ते यंत्र, तेही सांगून टाकू, कारण पुढचा सगळा तमाशा त्यानेच केला.

साधा चष्मा. त्याच्या काडीत एक बारीक कॅमेरा, तो जगाकडे नाही, तर घालणाऱ्याच्या डोळ्याकडे बघतो. माणसाला एखादी गोष्ट मनापासून भावली की डोळ्यातली बाहुली किंचित मोठी होते, आणि नजर पुन्हा पुन्हा एकाच जागी घुटमळते. ते माणसाच्या हातात नसतं. कानामागे चिकटवलेली एक चकती मेंदूतली बारीकशी वीज टिपते. अनपेक्षित आणि तरी हवंहवंसं काही समोर आलं की तिथे एक ठरावीक लाट उठते. बाहुली, नजर आणि लाट, या तिघांचा हिशोब करून यंत्र शंभरापैकी एक आकडा चष्म्याच्या कडेवर हिरव्या रंगात उमटवतं. त्या आकड्याला म्हणायचं दाद. यंत्राला फक्त उजेड सोसत नाही, कारण भर उन्हात बाहुली आकसते ती आकसतेच, मग समोर अप्सरा असो की पोस्टाची पेटी. म्हणून कदरची सगळी दालनं अंधारी आणि थंडगार, प्रेतागारासारखी.

आणि उपेक्षांक? लोकांच्या मेंदूने एखाद्या चित्राला भरभरून दाद दिली, पण जगाने त्याला बाजारात, पुरस्कारात, बोलण्यात काडीचा भाव दिला नाही, तर या दोन्हींमधलं अंतर म्हणजे उपेक्षांक. वाचायला बरं वाटतं. पण झालं काय, की अख्ख्या महाराष्ट्राला उपेक्षितांचा ध्यास लागला. ज्यांनी जन्मात चित्र पाहिलं नाही, ते चहाच्या टपरीवर "तसा तो अंडररेटेडच होता" म्हणायला लागले. बायका नवऱ्यांना चष्मा घालायला लावून साडी नेसून समोर उभ्या राहू लागल्या आणि त्यातून तीन मोठे वकील श्रीमंत झाले. मुलगी बघायच्या कार्यक्रमात मुलाच्या चष्म्यावरचा आकडा मुलीचा मामा मोठ्याने वाचून दाखवू लागला. कविसंमेलनं तर बंदच पडली. पूर्वी 'वा' म्हणून सुटका करून घेता यायची.

करुणाला या सगळ्याची शिसारी होती. पण एक गोष्ट तिलाही नाकारता येत नव्हती. पारमीला या धंद्यात ढकललं होतं तिनेच.

पोर लहान असताना रात्री गोष्ट मागायची, आणि करुणाला राजाराणीचा तिटकारा. मग ती फोन काढायची आणि एखाद्या जुन्या रॅप अल्बमचं कव्हर दाखवायची. गाणी फोनवर आल्यापासून कव्हर म्हणजे नखाएवढा चौकोन उरला होता. गाणारा बोंबलून मोकळा व्हायचा, ऐकणारा मान हलवून मोकळा व्हायचा, आणि ज्या पोराने किंवा पोरीने चार रात्री जागून तो चौकोन केला, त्याचं नाव कोणाला ठाऊक नसायचं. करुणा बोटांनी तो चौकोन मोठा करायची. "बघ. सांग काय दिसतं."

'रांग' नावाच्या अल्बमचं कव्हर पारमीला तोंडपाठ होतं. पाण्याच्या टँकरची रांग, पण माणूस एकही नाही. माणसांच्या जागी त्यांनी नंबर लावून ठेवलेल्या वस्तू: कॅन, हंडा, एक वीट, एकच चप्पल. रांगेच्या अगदी शेवटी पांढरेशुभ्र नवे बूट. "हे कोणाचे?" "गाणाऱ्याचे," करुणा म्हणायची. "पैसे आले त्याच्याकडे. तरी नंबर शेवटचाच."

आणि 'गप'चं कव्हर. नुसता काळा चौकोन. लोकांनी खाली लिहिलं होतं, 'भावा, कव्हर लोड होत नाहीये.' गाढवांनो, मोठं करून तर बघा! मोठं केलं की कळायचं, ते केस आहेत. तेल लावून चापून बसवलेले, पाठमोऱ्या बाईचे. वरच्या टोकाला भांगाची एक केसाएवढी रेघ. ती बाई आपल्याकडे वळणार नाही, हे इतकं ठाम होतं की पारमी पाच वर्षांची असताना त्या कव्हराला घाबरायची.

हे असले हिरे नखाएवढे होऊन कचऱ्यात पडले, आणि कचरा भिंतीएवढा होऊन डोक्यावर बसला. करुणाच्या तिरस्काराचं मूळ हे होतं. स्वतःचं कव्हर मात्र ती दाखवायची नाही. पारमीने विचारलं की म्हणायची, "ते होय? ते असंच. फोटो काढला आणि दिला." आणि बोट सरकवून पुढच्यावर.

हा 'उलटा साहेब' नक्की काय होता?

करुणाचं बालपण आणि तरुणपण गेलं नासर्डीकाठच्या वस्तीत. भिंती विटांच्या, छप्पर मिळेल त्याचं. चोविशीत ती सातपूरला एका फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर बसायची. तिथल्या एका साहेबाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तिनेच केला होता. साहेबाचे गाल गुळगुळीत केले, पोट कमी केलं, हात जोडलेले ठेवले, खाली शुभेच्छुकांची रांग लावली. वाढदिवस झाला, फ्लेक्स उतरला आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे वस्तीत छपरावर टाकायला आला. तो नेमका करुणाच्याच घरावर पडला. वरून छापील बाजू आभाळाकडे. उडू नये म्हणून त्यावर दोन विटा आणि एक टायर. खालून बांबू.

दुपारी ऊन पडलं की फ्लेक्समधून आरपार यायचं. आत जमिनीवर आडवं होऊन वर पाहिलं की साहेब दिसायचा, उलटा. अक्षरंही उलटी, आरशातल्यासारखी. कपाळावर दोन विटांच्या काळ्या सावल्या, गळ्यात टायरचा हार, आणि बांबूची रेघ जोडलेल्या हातांना आडवी कापत गेलेली. त्याच्या हसऱ्या तोंडात, नेमकं दाताच्या जागी, एक भोक पडलं होतं. त्यातून ऊन थेट आत यायचं. करुणाने एके दुपारी पाठ जमिनीला टेकवून फोनने तो फोटो काढला. सिद्धांत पगारे नावाचा दोस्त तेव्हा रॅप करायचा, साहेबावर आग ओकायचा. त्याने अल्बमचं नाव त्या फोटोवरूनच ठेवलं. गाणी विसरली गेली. वस्ती नदीकाठच्या रस्त्यात गेली. आईबाप गेले. त्या घराचा दुसरा एकही फोटो नव्हता, कारण छपराचे फोटो कोण काढतं?

आणि हे करुणाने पोरीला कधी सांगितलं नव्हतं. लाज वगैरे नव्हती. तिने पाहिली होती ती माणसं, स्वतःची जुनी गरिबी टी-शर्टवर छापून फिरणारी, मुलाखतीत नेमक्या जागी आवंढा गिळणारी. त्यांची तिला किळस यायची. आपली पोर त्यांच्यातली व्हायला नको, एवढंच.

मंगळवारी पारमी तिला कदरच्या दालनात घेऊन गेली. गंगापूर रोडवरची काचेची इमारत, आत अंधार आणि गारठा. संचालक निहार चौबळ स्वागताला उभा होता. काळा कुर्ता, काळा चष्मा, आवाज असा हळू की समोर कोणी आजारी असावं.

"करुणाताई, तुमची माफी मागायला हवी समाजाने," तो म्हणाला.

"समाजाला म्हणावं, रांगेत ये."

चौबळ हसला. त्याला वाटलं विनोद आहे. मग पारमीने पडदा बाजूला केला.

समोर भिंतभर साहेब उभा होता. सुलटा. अक्षरं सुलटी, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा स्वच्छ वाचता येत होत्या. कपाळ लखलखीत, गळा मोकळा. बांबू नाही, विटा नाहीत, टायर नाही. आणि भोकाच्या जागी यंत्राने साहेबाला नवा कोरा दात बसवला होता.

"मूळ प्रत फार खराब होती गं," पारमी उत्साहाने सांगत होती. "कोणीतरी स्कॅन करताना उलटी केली होती, आणि त्यावर सगळे काळे डाग. आल्या आल्या मला दिसलं. बघ ना, अक्षरंच उलटी! इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात नाही आलं. मी दुरुस्त केलं, मम्मी. मी स्वतः."

करुणा त्या नव्या दाताकडे बघत राहिली. चोवीस वर्षांची पोर, अख्ख्या राज्यात कव्हरं वाचायला तिच्याइतकं कोणी हुशार नाही, आणि तिला हे ओळखता आलं नाही. यायचं तरी कसं? उलटी अक्षरं दिसली की ज्याच्या डोक्यावर कायम स्लॅब होता, त्याला चूकच वाटणार. छपराखालून फ्लेक्स वाचलेल्या माणसालाच ते कळलं असतं.

"नाव 'उलटा साहेब' आहे," ती शेवटी म्हणाली. "तुम्हाला वाटलं काय, तो शीर्षासन करतो?"

"आम्ही त्याचा अर्थ लावलाय," चौबळ म्हणाला. "सरळ चित्राला उलटं नाव. केवढा उपरोध आहे त्यात!"

"कोणाला किती दाद आली याला?"

"मूळ चाचणीत ऐंशी. आता सुधारित प्रतीला त्र्याण्णव!"

करुणा वळली. भिंतीवर प्रत्येक चित्राखाली त्याचा आकडा झळकत होता. दाराजवळ अग्निशामक नळकांडं कसं वापरायचं याचं चित्र होतं. तिने 'उलटा साहेब'खालची त्र्याण्णवची पट्टी उचकटली आणि त्या नळकांड्याच्या चित्राखाली चिकटवली. मग दालन बघायला आलेल्या, बाहेर थांबलेल्या पाहुण्यांपैकी दोघांना हाताला धरून आणलं आणि तिथे उभं केलं. दोघे बघत राहिले. एकाच्या चष्म्यावर ऐंशीच्या पुढे आकडा चढला. दुसरा म्हणाला, "त्या ज्वाळेमध्ये केवढं कारुण्य आहे!"

"घ्या," करुणा म्हणाली. "उपेक्षित कलाकार मिळाला तुम्हाला. फायर ब्रिगेडमध्ये नोकरीला असेल."

चौबळ लाल झाला, पण माणूस अगदीच मूर्ख नव्हता. "हे आम्हाला माहीत आहे," तो म्हणाला. "चांगलं असणार असं आधी सांगितलं की मेंदू आधीच तयार होतो, आणि लाट मोठी उठते. ती लाट खोटी नसते, ताई. त्यांना खरंच आनंद होतो. कशाचा होतो, ते यंत्राला कळत नाही, एवढंच."

"म्हणजे ताप मोजता, पण रोग कुठला ते ठाऊक नाही."

"मम्मी, पुरे," पारमी म्हणाली.

"मूळ प्रत कुठे आहे?"

पारमीने मान खाली घातली. कदरने एकदा प्रत प्रमाणित केली की सगळीकडच्या जुन्या प्रती आपोआप बदलायच्या, तसे करार सगळ्या कंपन्यांशी झालेले. गाण्यांच्या ॲपमध्ये, लोकांच्या फोनमध्ये, संग्रहात. सदोष प्रती काढून टाकल्या जायच्या. करुणाने स्वतःचा फोन काढला. तिथेही साहेब सुलटा हसत होता, नव्या दातासकट. चित्र उलटं करणं एका बोटाचं काम होतं, ते तिने तिथल्या तिथे केलं. पण सावल्या कुठून आणणार? भोक कुठून आणणार? तिचं घर कोणीतरी चकचकीत पुसून टाकलं होतं, आणि पुसणारी तिचीच पोर होती.

घरी येऊन तिने सिद्धांत पगारेला फोन लावला. कधीकाळी साहेबाच्या नावाने शंख करणारा हा गडी आता साहेबाच्या मुलाच्या पक्षात होता आणि चौकाचौकांतल्या पडद्यांवर स्वतः हात जोडून उभा असायचा.

"मूळ फोटो आहे का रे तुझ्याकडे? कुठल्या जुन्या डिस्कवर?"

"करुणा, अगं नवा किती भारी आहे! मोठ्या साहेबांना पाठवला मी. ते बोलले, पगारे, तुम्ही तेव्हापासून आपलेच होतात." तो खुशीत हसला. "आता जुनं कशाला उकरतेस?"

"सिद्ध्या, तुझ्या गाण्यांना कोणी उपेक्षित का म्हणत नाही, माहितीय? कारण त्यांची उपेक्षा बरोबरच झाली." तिने फोन आपटला.

स्वयंपाकघराच्या दारात पारमी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"तू त्या माणसाला विचारतेस. मला नाही सांगत," ती म्हणाली. "काय चुकलं माझं? तिथे काय होतं?"

"तुझ्या यंत्राला विचार."

"बघ! हेच!" पारमीचा आवाज चढला. "लहानपणापासून हेच. 'रांग'मधली एकेक वस्तू तू मला समजावून सांगितलीस. पण स्वतःचं काही विचारलं की तोंड वाकडं. जगात तुला काहीच आवडत नाही मम्मी, मीसुद्धा नाही. का गेले मी त्या कंपनीत, ठाऊक आहे? तुझ्या चेहऱ्यावरून कधी काही कळलं नाही म्हणून. वाटलं, एखाद्या यंत्राला तरी कळेल."

करुणाच्या जिभेवर नेहमीसारखं काहीतरी झोंबणारं आलं होतं. ते तिने गिळलं. पारमी खोलीत गेली आणि कडी लागल्याचा आवाज आला. करुणा मनुक्यांच्या पाकिटासमोर जाऊन बसली. सांगणं सोपं होतं. जेवताना चार वाक्यांत सांगता आलं असतं, आणि पारमी रडली असती, माफी मागितली असती. पण सांगून जे कळतं ते ऐकीव. ते तिला नको होतं. पोरीने बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने चौबळला फोन केला. "रविवारी माझ्या चित्राचा सोहळा ठेवलाय ना, त्याला मी येईन. पण माझ्या चित्राची मांडणी मी करणार. तुमच्या अंगणात, दुपारी."

"अंगणात? पण ताई, ऊन..."

"इन्स्टॉलेशन आहे," करुणा म्हणाली. हा शब्द उच्चारताना तिच्या दाढा दुखल्या.

"इन्स्टॉलेशन!" चौबळचा श्वासच अडकला. "अप्रतिम! आम्ही प्रत मुद्दाम फ्लेक्सवरच छापलीय, विषयाला साजेशी. बंदी आहे ना, खास परवानगी काढली!"

रविवारी पाहुणे जमले. काळे कुर्ते, चांदीचे दागिने, प्रत्येकाच्या नाकावर दादमापी. सगळे थंड दालनात दाद चढवून आले होते आणि अंगणात येताच डोळे किलकिले करून उभे राहिले. समोर करुणा पदर खोचून दोन मजुरांवर खेकसत होती. तिने बांबू आणले होते. चारी बाजूंनी विटांच्या बुटक्या भिंती रचून, एका बाजूला बारकं दार ठेवून, त्यावर बांबू टाकून, वर तो लखलखीत फ्लेक्स ताणला होता. साहेबाचं तोंड आभाळाकडे.

"अहो, पण चित्र दिसतच नाही!" एक बाई म्हणाल्या.

"वर चढा, दिसेल."

मग तिने स्वतः शिडीवर चढून साहेबाच्या कपाळावर दोन अर्ध्या विटा ठेवल्या. मोटारसायकलचा जुना टायर गळ्यावर टाकला. चौबळ हात जोडून उभा होता, भारावलेला. शेवटी तिने पिशवीतून सुई काढली, पोती शिवायची, जाड. आणि साहेबाचा नवा कोरा दात भोसकून पाडला. चौबळच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. त्या एका प्रतीचा विमा उतरवलेला होता.

"आता आत या," ती खाली उतरून म्हणाली. "वाकून या. दार लहान आहे. आडवे व्हा जमिनीवर."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. काहीजण वाकले, आत गेले, पण आडवं कोण होणार? कपडे होते अंगावर. गुडघ्यांवर बसून त्यांनी माना वर केल्या, आणि लगेच चष्मे तपासले. चार. सात. दोन. ऊन आरपार येत होतं, बाहुल्या आकसल्या होत्या.

"माझं शून्यच दाखवतंय," कोणीतरी कुजबुजलं.

"माझंही. एवढं खास नसेल मग."

"दालनात समोसे आहेत म्हणे."

पाहता पाहता अंगण ओस पडलं. चौबळ दोन क्षण घुटमळला, आकडा पाहिला, आणि पाहुण्यांमागे गेला. उपेक्षा कशी करायची हे या लोकांना कोणी शिकवायला नको होतं.

पारमी एकटी बाहेर उभी होती. चार दिवसांत ती आईशी एक शब्द बोलली नव्हती.

"ये," करुणा म्हणाली.

पारमी वाकून आत आली. करुणा आधीच फरशीवर आडवी झाली होती, एका कडेला, म्हणजे दुसऱ्याला जागा राहील अशी. पारमी शेजारी आडवी झाली. आत हवा तापली होती आणि फ्लेक्सचा रबरी वास कोंडला होता. तिने वर पाहिलं.

साहेब उलटा होता. त्याच्या शुभेच्छा उलट्या होत्या. कपाळावर विटा चढल्या होत्या, गळ्यात टायर होता, आणि बांबूने त्याचे जोडलेले हात मधून कापले होते. दाताच्या जागेतून ऊन सरळ आत येत होतं.

पारमीची नजर बांबूवरून भोकाकडे गेली.

"आतून," ती म्हणाली. "मम्मी, हे आतून आहे. तू आत होतीस."

"हो."

"हे घर होतं."

"हो. आपलं. तुझी आजी तिकडे, चुलीपाशी असायची. आणि हंडा त्या कोपऱ्यात."

"मी पुसून टाकलं." पारमी रडायला लागली, लहान पोरीसारखी, तोंड झाकायचंही भान न ठेवता. "मी डाग म्हणून पुसले सगळे. आजीच्या घरावरच्या विटा..."

"पुसल्यास तर पुसल्यास. ठेवल्या ना परत? विटांना काय तोटा आहे." करुणाने हात लांब करून तिच्या केसांवर ठेवला. तो हात तिथे नीट कसा ठेवायचा याची तिला सवय नव्हती. "माझंच चुकलं गं. चार लोकांसारखं डोळ्यांत पाणी आणून सांगायचं नव्हतं मला. म्हणून सांगितलंच नाही. तुझ्यावर राग नव्हता. आणि आवडतेस तू मला. फार. लेकराला हे यंत्र लावून शोधावं लागावं, शरम वाटली मला."

पारमीने मान वळवली. चष्मा तिच्या नाकावरच होता, पाण्याने भरलेला. कडेला हिरव्या रंगात आकडा उमटला होता. करुणाने तिच्याकडे कलून वाचला.

"शून्य," ती म्हणाली आणि खो खो हसत सुटली. "कंपनी बंद करा म्हणावं तुझ्या चौबळला! समोसे विका!"

पारमी रडता रडता हसली. आतल्या दालनात कोणीतरी टाळ्या वाजवत होतं, बहुधा अग्निशामक नळकांड्यासाठी. भोकातून पडलेला उन्हाचा ठिपका फरशीवर होता, दोघींच्या मध्ये, रुपयाएवढा. बघता बघता तो थोडा सरकला आणि पारमीच्या मनगटावर चढला.

"हा सरकतो," ती म्हणाली.

"तर! घड्याळ होतं ते आमचं. आई म्हणायची, ठिपका हंड्यावर आला की ऊठ, टँकर येईल."

पारमीने कोपऱ्याकडे पाहिलं, जिथे हंडा असायचा. तिथे आता कदरची गुळगुळीत फरशी होती आणि एका मजुराची विसरलेली बाटली.

"मग आता उठायचं?"

"पड गप," करुणा म्हणाली. "अजून कुठे आलाय हंड्यावर?"